घरातली गोष्ट घरातच?

मैत्रिणींनो, आमच्या सल्ला केंद्रातल्या तिन्ही संगणकांवर आता लिनक्स चालतं. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी लिनक्सवर आणि त्याहून जास्त लिनक्सवाल्यांवर टीका करणार आहे, आणि ती वाचून कुणी असं म्हणू नये की बघा, बायकांना जमलं नाही. जमलं. पण ते कुणाच्या वेळेवर आणि कुणाच्या जिवावर जमलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

लिनक्सकडे आम्ही वळलो ते दोन कारणांनी. पहिलं साधं पैशाचं. आमचे संगणक एका कचेरीने मोडीत काढून देणगी म्हणून दिलेले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नियमित मदत संपली, आणि विंडोज ११ ला जी सुरक्षा-चिप आणि जे नवे प्रोसेसर लागतात ते आमच्या यंत्रांत नाहीत. चालते संगणक भंगारात घालून नवे घेण्याइतके पैसे कुठल्या संस्थेकडे असतात?

दुसरं कारण आमच्या कामाचं. एम.एस.डब्ल्यू.ला असताना आम्ही केसवर्कची सात तत्त्वं पाठ केली होती, फेलिक्स बीस्टेक यांच्या १९५७ च्या पुस्तकातली. त्यातलं सातवं गोपनीयतेचं. तेव्हा गोपनीयता म्हणजे लोखंडी कपाट आणि त्याची किल्ली, एवढंच डोक्यात होतं. आज केस पेपर संगणकात असतो. त्यात बाईच्या माहेरचा पत्ता असतो, मुलांच्या शाळेचं नाव असतं, डॉक्टरचा दाखला असतो, कधी जखमांचे फोटो असतात. हे सगळं कुठल्या कंपनीच्या कुठल्या गोदामात जाऊन पडतं हे आम्हालाच ठाऊक नसेल, तर समोर बसलेल्या बाईला 'तुम्ही सांगाल ते इथेच राहील' असं म्हणायचा आम्हाला काय अधिकार? लिनक्सची मूळ संहिता कुणालाही वाचता येते, बदलता येते, दुसऱ्याला देता येते. आत काय चाललंय ते झाकून ठेवणं त्यामुळे अवघड होतं. आम्हाला हे पटलं, आजही पटतं.

मग सुरू झाल्या कटकटी. आमच्या कार्यालयाचं टंकलेखन ज्या करतात त्यांना आम्ही सगळ्या नुसतं ताई म्हणतो. ताई मराठी तीसची टंकलेखन परीक्षा पास झालेल्या, बोटं रेमिंग्टनच्या कळपाटावर बसलेली. लिनक्सवर इनस्क्रिप्ट चटकन मिळतं, उच्चारानुसार टाइप करायची सोयही मिळते. रेमिंग्टन मात्र शोधून, जुळवून घ्यावं लागलं, आणि तरी चार अक्षरं भलत्याच कळांवर गेली. आमच्या पंधरा वर्षांच्या जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉण्टमध्ये. तो फॉण्ट इथे नाही, म्हणून उघडल्या की नुसता चिन्हांचा खिचडा. वकीलबाईंकडे पाठवलेला अर्ज परत येतो तेव्हा तक्ते सरकलेले असतात, सहा पानांची सात झालेली असतात, कारण त्यांच्याकडचा फॉण्ट आमच्याकडे नाही. प्रिंटर चाचणीचं पान सुरेख छापतो आणि लीगल कागदावरचं प्रतिज्ञापत्र खालून कापतो. डिजिटल सहीचं टोकन या यंत्राला ओळखतच नाही. लेखापरीक्षकांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर इथे चालत नाही, म्हणून मार्च महिन्यात खजिनदारबाई मुलीचा लॅपटॉप मागून आणतात. ऑनलाइन बैठकीत आपण बोलत राहतो आणि पलीकडच्या खुणा करतात की ऐकू येत नाही.

यातली एकेक कटकट दहा-वीस मिनिटांची आहे. त्यातल्या बऱ्याच लिनक्सचा दोष नव्हेत, हेही मला कळतं. फॉण्टचा मालक कुणी वेगळा, टोकनचा कुणी वेगळा, आणि त्यांनी लिनक्सचा विचार केलेला नाही. पण दोष कुणाचा हे ठरवून ताईंची साडेसहाची बस मिळत नाही. ती चुकली की साडेसातची. घरी पोचल्यावर कुकर त्यांनीच लावायचा असतो. स्वातंत्र्याची किंमत मोजावी लागते म्हणतात ना, ती आमच्याकडे ताईंनी मोजली. जादा कामाचा भत्ता आमच्या अंदाजपत्रकात नाही.

आणि तक्रार केली की उत्तर ठरलेलं. 'मॅडम, सोपं आहे, शिकून घ्या ना.' सांगणारी मुलं चांगली आहेत. रविवार खर्चून, पदरचा चहा पिऊन त्यांनी आमची यंत्रं उभी केली. पण या वाक्याचा मला राग येतो, कारण ते आपल्या ओळखीचं आहे. रस्त्यावर त्रास होतो म्हटलं की कराटे शिका. हिशेब नवऱ्याच्या हातात आहे म्हटलं की बँकेचे व्यवहार शिका. प्रत्येक वेळी व्यवस्था तशीच राहते, आणि बाईच्या दिवसात एक शिकवणी वाढते. शिकायला आपण कधी नाही म्हटलं? प्रश्न असा आहे की शिकायला लागणारा मोकळा वेळ कुणाकडे आहे. संध्याकाळी सात ते अकरा संगणकासमोर बसून 'हे करून बघू, ते करून बघू' म्हणणाऱ्याच्या हातात जेवणाचं ताट कुणी तरी आणून देत असतं.

थोडा इतिहास पाहू. १९८३ च्या सप्टेंबरात रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्याची चळवळ तिथून सुरू झाली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा लिहिला आणि दोन्ही जुळलं. त्याच १९८३ साली अमेरिकेतल्या ध्वनियंत्रांच्या शौकिनांच्या एका मासिकात एक शब्द छापून आला, 'वाइफ अ‍ॅक्सेप्टन्स फॅक्टर'. म्हणजे नवऱ्याने आणलेलं यंत्र दिवाणखान्यात ठेवायला बायको कितपत राजी होईल, त्याचं माप. घर यंत्रांनी चालवण्याचा छंद असलेल्यांत हा शब्द पुढे रुळला आणि आजही सर्रास वापरला जातो. हल्ली काही जण बायकोच्या जागी 'जोडीदार' म्हणतात. शब्द सुधारला, पण चित्र तेच. यंत्र निवडणारा तो, बसवणारा तो. ती फक्त हो किंवा नाही म्हणणारी, आणि नाही म्हटली तर अडथळा.

आणि आपल्याकडे १९८३ साली काय झालं ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भारतीय दंड विधानात ४९८ अ आलं. घरात नवरा आणि सासरचे जी क्रूरता करतात तो गुन्हा आहे, हे राज्याने लेखी मान्य केलं. (१ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ आणि ८६ मध्ये आहे.) म्हणजे एकाच वर्षी तिकडे पुरुषांनी ठरवलं की आपला मालक सॉफ्टवेअर कंपनी आहे, तिच्यापासून सुटायचं. इकडे बायका वर्षानुवर्षं ओरडून सांगत होत्या की आमचा मालक घरातच बसलेला आहे. या दोन चळवळींची भेट व्हायला हवी होती. फारशी झाली नाही. २००२ साली युरोपातून झालेल्या एका मोठ्या पाहणीत मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत बायका १.१ टक्के निघाल्या. २०१७ साली गिटहबने केलेल्या पाहणीत ३ टक्के. डेबियनमधल्या बायकांनी २००४ साली आपला वेगळा गट काढला. ग्नोम प्रकल्पाने २००६ साली बायकांसाठी मानधन देऊन शिकाऊ काम सुरू केलं, त्यातूनच आजचं आउटरीची उभं राहिलं. मानधन देऊन, हे लक्षात घ्या. नुसतं 'या, दार उघडं आहे' म्हणून बायका आल्या नाहीत, कारण दारापर्यंत यायलाही वेळ आणि बसभाडं लागतं.

आता आमचीच एक चूक कबूल करते. लिनक्स बसवून देणाऱ्या मुलाने संगणकांच्या डिस्कला कुलूप घातलं, म्हणजे यंत्र चोरीला गेलं तरी केस पेपर वाचता येऊ नयेत. उत्तम केलं. रोज यंत्र उघडायचा पासवर्ड आम्हाला दिला. पण यंत्रात बदल करण्याचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्याकडेच राहिला. आम्ही मागितला नाही, त्याला द्यायचं सुचलं नाही. पुढे त्याला दुसऱ्या शहरात नोकरी लागली. एका अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला आणि नऊ दिवस आम्ही त्याच्या फोनची वाट पाहत बसलो. त्या नऊ दिवसांत एका बाईचा अंतरिम निर्वाहखर्चाचा अर्ज ताईंनी कोर्टाबाहेरच्या टंकलेखकाकडे बसून, लोकांच्या देखत सांगून टाइप करून घेतला. गोपनीयतेसाठी केलेल्या खटाटोपाचा शेवट भर रस्त्यावर झाला. वीस वर्षं बायकांना 'घराची कागदपत्रं तुमच्या नावावर आहेत का' असं विचारणाऱ्या आम्ही, स्वतःच्या कार्यालयाची किल्ली कुणाकडे आहे हे विचारायला विसरलो.

हाच किल्लीचा प्रश्न घेऊन आता घरात चला.

आमच्याकडे एक बाई आली. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते. शिकलेली, नोकरी सोडलेली. नवरा संगणकातला, आणि गोपनीयतेच्या बाबतीत कडवा. घरात कंपनीचा बोलका स्पीकर नको, कंपनीचा कॅमेरा नको, कारण त्या आपली माहिती नेतात. त्याचं म्हणणं खोटं नाही. मे २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने अ‍ॅमेझॉनच्या मालकीच्या रिंग या कॅमेरा कंपनीवर ठपका ठेवला की तिच्या एका कर्मचाऱ्याने ग्राहक बायकांच्या न्हाणीघरातली आणि झोपायच्या खोलीतली हजारो चित्रणं महिनोन्महिने पाहिली. कंपनीने ५८ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. तेव्हा नवऱ्याने काय केलं? पर्याय उभा केला. माळ्यावर एक छोटा संगणक, त्यावर घर चालवणारं मुक्त सॉफ्टवेअर, सगळं चित्रण घरातल्याच डिस्कवर. बाहेर एक अक्षरही जात नाही, असं तो पाहुण्यांना अभिमानाने सांगे.

बाहेर जात नव्हतं हे खरं. दार किती वाजता उघडलं, किती वाजता लागलं, स्वयंपाकघरातला दिवा किती वेळ बंद होता, तिचा फोन घराच्या वाय-फायमधून कधी तुटला आणि कधी जुळला, सगळं त्याच्या एका पडद्यावर जात होतं. ती पहिल्यांदा आमच्याकडे येऊन गेली त्या संध्याकाळी त्याने शांतपणे विचारलं, 'दुपारी अडीच तास कुठे होतीस?' त्याने आवाज चढवला नाही. चढवायची गरजच नव्हती. घरातला पंखा लावायलाही ती त्याच्या यंत्रातून जात होती. तो रागावला की तिच्या फोनवरून दिवे लागेनासे होत.

आम्ही तिला विचारलं की त्याने ढकललं त्या दिवसाचं चित्रण असेल ना? ती म्हणाली, 'असेल. त्याच्याकडे.' दुसऱ्या दिवशी ते नव्हतं.

मैत्रिणींनो, 'तुमच्या घरातली माहिती घराबाहेर जाणार नाही' हे गोपनीयता जपणाऱ्या यंत्रांचं वचन आहे. 'घरातली गोष्ट घराबाहेर जाता कामा नये' हे सासूचं, दिराचं, जात पंचायतीचं आणि पोलीस ठाण्यातल्या हवालदाराचं वाक्य आहे. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही. पण जिथे घर म्हणजे एकच माणूस असं गृहीत धरलेलं असतं, तिथे पहिल्याचं दुसरं व्हायला वेळ लागत नाही. होम असिस्टंट हे या प्रकारचं नावाजलेलं मुक्त सॉफ्टवेअर २०१३ पासून वाढत आलं आहे. त्यात जो पहिलं खातं उघडतो तो 'मालक'. बाकीच्यांना किती अधिकार द्यायचे ते तो ठरवतो. लिहिणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसेल. पण कुटुंबप्रमुख हा रकाना आपण रेशनकार्डावर पाहिला आहे, तो आता यंत्रातही आला.

कुणी म्हणेल, मग कायदा आहे ना. पाहू. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. खाजगीपणाच्या आडून घरातला अन्याय झाकला जातो, ही स्त्रीवाद्यांची टीका त्या निकालपत्राने दखल घेण्याजोगी मानली. बरं वाटलं. मग १४ जुलै २०२५ रोजी त्याच न्यायालयाने ठरवलं की नवऱ्याने बायकोचं संभाषण तिच्या नकळत ध्वनिमुद्रित केलं असलं, तरी वैवाहिक दाव्यात ते पुरावा म्हणून दाखल होऊ शकतं. एकमेकांवर पाळत ठेवण्याची वेळ आली असेल तर ते लग्न आधीच मोडकळीला आलं आहे, असाही युक्तिवाद त्यात आहे.

या निकालावर आमच्या बैठकीत एकमत झालं नाही. काहीजणी म्हणाल्या, आपल्या बायकाही शिवीगाळ, धमक्या फोनवर नोंदवून आणतात. त्यांना याचा उपयोगच होईल. खरं आहे. निकाल दोघांनाही सारखाच लागू आहे. पण मुद्रण करायचं साधन सारखं आहे का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या बायका देशात ५३.९ टक्के होत्या. कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका ३३.३ टक्के आणि पुरुष ५७.१ टक्के. एकाकडे भिंतीभिंतीवर कॅमेरा आणि माळ्यावर डिस्क, दुसरीकडे फुटक्या काचेचा फोन, तोही रात्री तपासला जाणारा. कायदा समान हत्यार दोघांच्या पुढ्यात ठेवतो आणि ते कुणाच्या कुलपात आहे ते विचारत नाही.

आता आपल्या चळवळीविषयी. आपल्यातल्या पुष्कळजणींना हा विषय चैनीचा वाटतो. 'इथे बाईला रात्री कुठे ठेवायचं याची भ्रांत, आणि तू लिनक्स काय घेऊन बसलीस?' हे मला तोंडावर ऐकवलं गेलं आहे. त्याच कार्यकर्तीच्या फोनवर साठ जणांच्या गटात मी एका पीडित मुलीचा एफ.आय.आर. नावासकट फिरताना पाहिला. रात्री बाईला कुठे ठेवलं आहे हा पत्ताही आपण असाच गटावर टाकतो. मग तिचा नवरा निवाऱ्याच्या दारात उभा राहिला की आपल्याला आश्चर्य वाटतं. तंत्र हे आपलं काम नाही, असं म्हणण्याची सोय आता उरलेली नाही. कायदाही एके काळी वकिलांचं काम होता. आपण तो घरोघर नेला.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट मागायला हव्यात.

मुक्त सॉफ्टवेअरवाल्या मित्रांकडे मागणं असं. तुमच्या स्वातंत्र्याच्या व्याख्येत एका घरात दोन माणसं राहतात हे लिहा. यंत्राला दोन मालक असू द्या. चित्रण कुणी पाहिलं, कुणी पुसलं, याची नोंद घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला दिसू द्या, आणि ती पुसता येऊ नये. जी बाई घर सोडून जाते तिला स्वतःची माहिती घेऊन, स्वतःची जोडणी तोडून जाता येऊ द्या. आणि मराठी कळपाट, मराठी छपाई ही सणावाराची कामं समजू नका. एखादं यंत्र चांगलं चालतं की नाही ते ठरवायला आमच्या ताईंना बोलवा, आणि त्या दिवसाची मजुरी द्या.

आपल्या संस्थांकडे मागणं असं. संगणकाच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात रक्कम धरा. स्वयंसेवकाच्या भलेपणावर गोपनीयता उभी राहत नाही. अ‍ॅडमिनचा पासवर्ड किमान दोन बायकांकडे असू द्या आणि एक प्रत बंद पाकिटात कपाटात ठेवा. जिल्ह्यातल्या चार-पाच संस्थांनी मिळून एक पगारी मुलगी नेमली तर कुणालाच जड जाणार नाही.

आणि समुपदेशनात पहिल्याच भेटीत हे प्रश्न विचारा. घरातल्या वाय-फायचा पासवर्ड कोण बदलू शकतं? कॅमेरा असेल तर त्याचं चित्रण कोण पाहतं, कुठे साठतं? तुमच्या फोनचं खातं कुणी उघडून दिलं? दाराचं कुलूप फोनवर चालतं का? मात्र उत्तर ऐकून लगेच 'काढून टाका' असं सांगू नका. कॅमेरा बंद पडल्याचं त्याला त्या क्षणी कळतं, आणि मार वाढतो. आधी तिच्या सुरक्षिततेची आखणी, तिच्या विश्वासातल्या दुसऱ्या फोनची सोय, पुराव्याची प्रत, आणि मग यंत्राला हात. हे आम्ही त्या बाईच्या बाबतीत उशिरा शिकलो.

आम्ही विंडोजकडे परत जाणार नाही. आता अ‍ॅडमिनचा पासवर्ड ताईंकडे आणि माझ्याकडे आहे. रेमिंग्टनची चार चुकलेली अक्षरं ताईंनी पुठ्ठ्यावर लिहून पडद्याखाली चिकटवली आहेत. ती बाई सध्या बहिणीकडे आहे आणि तिथे दिव्याला साधं बटण आहे. तिचा संरक्षणाचा अर्ज दाखल झाला आहे. माळ्यावरची डिस्क पुढे कोर्टात येते का, तेव्हा तिच्यात काही शिल्लक असतं का, ते पाहायचं आहे.

तुमच्या संस्थेच्या यंत्रांची किल्ली कुणाकडे आहे? पुढच्या बैठकीआधी शोधा, आणि नावं लिहून आणा.